१७.६ चा घोळ: समुद्रातला सांगाडा आणि उद्यमनगरातली पेटी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बोटीवरून फोन आला. "दोन नंबरच्या ब्रेसवर १७.६ दाखवतंय. फेब्रुवारीत १८.९ होतं." समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचे पाय जोडणाऱ्या पोलादी पाइपांना ब्रेस म्हणतात, आणि त्यांची जाडी मोजणारा आमचा छोटा रोबो त्या बोटीवर होता. आकडे मिलिमीटरचे. मी तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या शेडमध्ये लेथपाशी उभा होतो. हातातला चहा तसाच राहिला.

पाइपच्या भिंतीची जाडी दोन महिन्यांत १.३ मिलिमीटरने कमी झाली, असा त्या आकड्यांचा अर्थ होत होता. समुद्राच्या पाण्यात बुडालेलं उघडं पोलाद वर्षाला साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर गंजतं. लाटा जिथं सतत आपटतात त्या पट्ट्यात झीज बरीच जास्त असते, पण आमचा ब्रेस त्या पट्ट्यात नव्हता, चांगला १४ मीटर खाली होता. आठ-नऊ वर्षांची झीज आठ आठवड्यांत कशी होईल? एक तर त्या पाइपला काहीतरी भयंकर होत होतं, नाहीतर आमचं यंत्र खोटं बोलत होतं. दोन दिवस आम्ही या दोन शक्यतांभोवतीच भांडत बसलो. निघालं ते तिसरंच.

हे सगळं प्रकरण नीट मांडून ठेवावं, असं तेव्हापासून मनात होतं. यात नावं कुणाचीच घेत नाही. काम देणारी मुंबईची कंत्राटी कंपनी, तिचा ग्राहक म्हणजे प्लॅटफॉर्मचा मालक, आणि तो प्लॅटफॉर्म, सगळे बिननावाचेच राहू देत.

काम काय होतं

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगवरून तिथं तेल लागलं. तिथला समुद्र फार खोल नाही, ७०-८० मीटरच्या आसपास. त्यानंतर अरबी समुद्रात पोलादी पाइपांचे सांगाडे उभे राहत गेले. या धंद्यात त्यांना जॅकेट म्हणतात. चार किंवा आठ जाडजूड पाय, त्यांना जोडणारे आडवे-तिरपे ब्रेस, आणि वर पाण्याबाहेर डेक. साधारण २५ वर्षांच्या हिशेबाने बांधलेले कितीतरी सांगाडे त्याहून जास्त वर्षं उभे आहेत. त्यांची पाण्याखालची तपासणी पाणबुडे आणि मोठे रोबो करतात. बोट, माणसं, क्रेन, हवामान हे सगळं जुळून आलं तरच ते जमतं, आणि खर्च दिवसाला लाखांत जातो. पावसाळ्याचे चार महिने तर विचारच नको. त्यामुळे एखाद्या जोडाकडं पुन्हा नजर जायला काही वर्षं जाऊ शकतात.

आता पवनचक्क्याही समुद्रात जायच्या आहेत. जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॅट आणि बंदरांची सुधारणा यांसाठी मिळून ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली. म्हणजे तपासायचे पाय वाढणार. कंत्राटदाराचा हिशेब साधा होता. दोघांनी उचलता येईल असा छोटा रोबो, त्याच्या नाकाला स्वस्त सेन्सर आणि सांगाड्यावर कायम बसवलेल्या काही पेट्या. बोट इतर कामाला गेलीच आहे, तर जाता जाता एक फेरी मारून यायची. "महागडं एक माप तीन वर्षांनी घेण्यापेक्षा स्वस्तातली वीस मापं वर्षाला," हे त्यांचं वाक्य.

कोल्हापुरात का आले? इथं लेथ, सीएनसी, फौंड्री, पॅटर्न (ओतकामाचे लाकडी नमुने) आणि प्रेशर टेस्टिंग सगळं जवळपासच मिळतं. शिरोलीत ओतलेलं उद्यमनगरात घासून संध्याकाळी हातात येतं. समुद्र तेवढा नाही. तो रत्नागिरीला, घाट उतरून. त्याची किंमत आम्ही पुढं मोजली.

पेटी कुठं गळते

कायम बसवायच्या पेटीत कंप मोजणारी चिप, तापमान, दाब, एक मायक्रोकंट्रोलर आणि ३.६ व्होल्टचा लिथियमचा डी-सेल. तो सेल साधारण १९ अँपिअर-तासांचा असतो. सरासरी एक मिलिअँपिअर खर्च धरला तर दोन वर्षं निघतात. पाण्यातून रेडिओ जात नाही. आपल्या वायफायची लहर खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांत मरते. म्हणून पेटीतला साठा बाहेर काढायचा तो प्रकाशातून. रोबोने समोर येऊन उभं राहायचं, झाकणाच्या अॅक्रिलिकमधून एलईडी लुकलुकणार, रोबो वाचणार. आमच्या पोरांनी त्याचं नाव पोस्टमन ठेवलं. पोस्टमनला आणखी एक काम दिलं, घड्याळ लावण्याचं. घड्याळाचा स्वस्त क्रिस्टल २० पीपीएमने, म्हणजे दहा लाखांत वीसने चुकतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ मिनीट. दोन पेट्यांतले कंप शेजारी ठेवून बघायचे असतील तर हे चालत नाही.

प्रकाशाचा मार्ग घेतल्यामुळे पेटीला तार जोडायचा कनेक्टर लागला नाही. हा निर्णय मला आजही सगळ्यांत शहाणा वाटतो. एका चांगल्या सागरी कनेक्टरच्या किमतीत आमची आख्खी पेटी होत होती, आणि पेटीला जितकी भोकं कमी तितकी झोप जास्त.

पहिल्या पेट्या एसएस ३०४ च्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या केल्या. "एसएस गंजत नाही" हे आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. रत्नागिरीच्या एका जेट्टीवर सहा आठवडे टांगून ठेवल्या. झाकणाच्या ओ-रिंगच्या, म्हणजे रबरी कड्याच्या खाली, जिथं पाणी अडकून बसतं आणि प्राणवायू पोचत नाही, तिथं सुईने टोचल्यासारखे खड्डे. एसएस मोकळ्या पाण्यात टिकलं आणि फटीत हरलं. मग अॅसिटलवर गेलो. काळं, गुळगुळीत प्लास्टिक, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं.

दुसऱ्या खेपेला जे झालं ते मात्र मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या शेजारी व्हॉल्व्हच्या बॉडी हायड्रो टेस्ट करतात, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासतात. तिथं पेट्या १० किलोच्या दाबाला अर्धा तास ठेवल्या. म्हणजे १०० मीटर पाण्याचा दाब. एकही गळली नाही. जेट्टीवर ३ मीटर पाण्यात सोडल्या, तर पाचपैकी दोन पेट्यांत चमचाभर पाणी. आम्ही वेडे व्हायचे बाकी होतो. १०० मीटरला टिकलेली वस्तू ३ मीटरला कशी गळेल?

उत्तर ओ-रिंगच्या स्वभावात आहे. दाब वाढला की तोच दाब रिंगला खाचेच्या कडेला रेटतो, फट आणखी घट्ट बंद होते. दाब कमी असतो तेव्हा रिंग फक्त स्वतःच्या दाबलेपणावर उभी असते. खाच थोडी खोल झाली, रिंगवर एखादा केस किंवा लेथवरचा बारीक कीस चिकटला, की तिथूनच पाणी झिरपतं. आमची खाच ०.१५ मिलिमीटरने खोल होती. हायड्रो टेस्टने ती चूक झाकली. मग लक्ष्मीपुरीतल्या एका फ्रिज दुरुस्तीवाल्याचा जुना व्हॅक्यूम पंप आणला. झाकणात एक छोटा स्क्रू ठेवला, त्यातून हवा खेचायची, पंधरा मिनिटं काटा बघायचा, मग स्क्रू बंद. काटा हलला तर पेटी परत लेथवर. त्या दिवसापासून पाण्याने भरलेली पेटी परत आली नाही. हायड्रो टेस्टही करतोच, पण आता ती दुसऱ्या नंबरला.

विहिरीचं पाणी आणि मिठाची गोण

रोबोच्या नाकावर दोन मापं. एक जाडी, दुसरं विद्युत विभव, म्हणजे पोलादाचं पाण्यातलं व्होल्टेज. जाडीबद्दल पुढं बोलूच. विभवाचं आधी सांगतो, कारण मला स्वतःला त्याचं जास्त कौतुक आहे आणि लोक त्याच्याकडं दुर्लक्ष करतात.

जॅकेटला गंजापासून वाचवायला त्यावर अॅल्युमिनियमच्या लाद्या जोडलेल्या असतात. पोलादाऐवजी त्या झिजतात. लाद्या काम करतायत का हे बघायला पोलादाला एक टोकदार टोक टेकवायचं आणि शेजारी पाण्यात सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ सेल धरायचा. समुद्रात हा आकडा उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे असेल तर पोलाद सुरक्षित समजतात. उणे ०.६५ च्या आसपास दिसलं तर लाद्या संपल्या किंवा त्यांचा जोड तुटला. यात जागा दहा सेंटिमीटर इकडंतिकडं झाली तरी फारसं बिघडत नाही, आणि सेल घरी बनवता येतो. चांदीची तार, थोडं मीठ, थोडा करंट. मला एकच स्वस्त सेन्सर निवडायला सांगितला तर मी डोळे झाकून हा घेईन.

पण तो आम्ही करवीर तालुक्यातल्या एका मित्राच्या विहिरीत तपासायला गेलो. ५० फूट पाणी, शांत, वर आंब्याची सावली, त्याच्या आईच्या हातची भाकरी. सगळं उत्तम, आणि आकडा दीडशे मिलिव्होल्टने चुकलेला. सेल खराब म्हणून तीन सेल फेकले. चौथ्या वेळी आमच्यातल्या एका मुलीने, तिचं बीएस्सी रसायनशास्त्रात झालंय, शांतपणे विचारलं, "सर, या पाण्यात क्लोराइड किती आहे?"

या उघड्या सेलचा आकडा क्लोराइडवर ठरतो. क्लोराइड दहापट कमी झालं की साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक. समुद्रात लिटरला १९ ग्रॅम क्लोराइड असतं. विहिरीतलं शंभरपटींहून कितीतरी कमी. दीडशे मिलिव्होल्टचा हिशेब तिने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला. फेकलेले तिन्ही सेल चांगले होते.

मग शेडमागे हजार लिटरची टाकी ठेवली आणि बाजारातून ३५ किलो खडे मीठ आणलं. दुकानदाराने विचारलं, "एवढं लोणचं?" त्या टाकीत सेल बरोबर बोलायला लागले. गोड्या पाण्याचा दुसरा धडा रोबोच्या वजनाचा. ११ किलोचा रोबो विहिरीत वर-खाली न होता तरंगेल असा तोलला, तर खाऱ्या पाण्यात तो पावणेतीनशे ग्रॅमच्या ताकदीने वर येतो, कारण ते पाणी अडीच टक्के जड असतं. समुद्रात त्याला खाली दाबून धरण्यातच बॅटरी जाते.

ते १७.६

आता फोनकडं परत येतो.

जाडी मोजायची रीत अशी. नाकावरची प्रोब पोलादाला टेकते, आवाजाचा बारीक ठोका आत जातो, पलीकडच्या भिंतीवरून परत येतो. पोलादात आवाज सेकंदाला ५,९०० मीटर धावतो. म्हणजे १९ मिलिमीटरला जाऊन-येऊन साडेसहा मायक्रोसेकंदही लागत नाहीत. आपण एकाच नव्हे, लागोपाठच्या प्रतिध्वनींमधलं अंतर मोजतो, त्यामुळे रंगाचा थर हिशेबातून आपोआप गळतो. पाणीच जोडाचं काम करतं, ग्रीस लागत नाही. शंख-शिंपल्यांचा थर आधी नायलॉनच्या ब्रशने काढायचा. तारेचा ब्रश वापरला तर रंग खरवडून आपणच गंजाला दार उघडून देतो.

फोनवर तीन मतं होती. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, ताबडतोब ग्राहकाला कळवायचं, पाणबुडे बोलवायचे. आमच्यातला एक जण म्हणाला, प्रोब बिघडली आहे, आकडा टाकून द्या. मी म्हणालो, थांबा. आणि थांबायला सांगायचा मला काही हक्क आहे का, हे माझं मलाच नीट ठरवता येत नव्हतं. खरंच झीज असती तर?

प्रोब आधी तपासली. बोटीवर १० आणि २० मिलिमीटरचे ठोकळे होतेच. दोन्ही बरोबर दाखवत होते. पाण्याच्या तापमानाचा फरक? तापमान ५५ अंशांनी बदललं तर पोलादातल्या आवाजाचा वेग एखाद्या टक्क्याने बदलतो. फेब्रुवारी ते एप्रिल पाणी चार-पाच अंश तापलं असेल. त्यातून मिलिमीटरच्या शंभर भागांतले एक-दोन भाग निघतात, १.३ मिलिमीटर नाही. म्हणजे प्रोब खरं बोलत होती.

मग आम्ही दोन्ही वेळचे व्हिडिओ शेजारी-शेजारी लावले. फेब्रुवारीत प्रोबच्या डावीकडं वेल्डची रेघ होती, हातभर अंतरावर. एप्रिलमध्ये ती रेघ वितीभर अंतरावर दिसत होती. शिवाय रोबो पाइपच्या घेरावर थोडा वर सरकलेला. पाण्याखाली जीपीएस नाही. आवाजावर चालणारी जागा शोधणारी यंत्रणा अंतराच्या एखाद्या टक्क्याने चुकते. म्हणजे ५० मीटरवर अर्धा मीटर. त्यात लाटेचं ढकलणं. आम्ही 'तोच ब्रेस' मोजला होता, तीच जागा नव्हे.

पण दोन वितींवर जाडी १.३ ने बदलते का? बदलते. तो ब्रेस सीमलेस, म्हणजे लांबीत जोड नसलेल्या पाइपचा होता, कागदावर १९.१ मिलिमीटरचा. सीमलेस पाइप बनतानाच त्याची भिंत सगळीकडं सारखी नसते, आणि कारखान्याला साडेबारा टक्के कमीची सूट असते. म्हणजे १६.७ सुद्धा नवा, पास झालेला पाइप. हवामान अजून दोन दिवस बरं होतं. मी म्हणालो, घेराभोवती आठ मापं घ्या, घड्याळाच्या काट्यांसारखी. त्यांनी घेतली. सगळ्यांत कमी १७.५, सगळ्यांत जास्त १९.४. पाइप जन्मापासूनच असा होता. गंजाबद्दल आमच्याकडं एक शब्दही नव्हता, ना चांगला ना वाईट.

कोल्हापूरकराला हे समजायला खरं तर एवढा खटाटोप लागू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टात ५५ च्या वर गेलं तेव्हा गावातल्या शाळकरी पोरालाही त्या आकड्याचा अर्थ कळला. ते ५५ फूट कुठून मोजले, नदीच्या तळापासून की आणखी कुठून, हे कुणी विचारत नाही. पट्टी जागची हलत नाही, एवढं पुरतं. आमच्याकडं उत्तम पट्टी होती आणि ती आम्ही दरवेळी वेगळ्या घाटावर नेऊन लावत होतो. स्वस्त सेन्सरचं सगळं वजन या एका गोष्टीवर तोललेलं आहे: आकडा अचूक नसला तरी चालतो, पण तो दरवेळी त्याच जागेवरून यायला हवा. आणि ती जागा राखण्याचा खर्च आमच्या 'स्वस्त' या शब्दात धरलेलाच नव्हता.

पेटीच्या पिना

उपाय म्हणून पोरांनी आधी चांगला कॅमेरा, मग पाण्याखालच्या खुणा ओळखणारा प्रोग्रॅम सुचवला. दोन्ही करून बघितलं. गढूळ पाण्यात आणि हलत्या लाटेत पाच सेंटिमीटरच्या आत यायला तयार होईना.

तेवढ्यात एका दुपारी शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्न घ्यायला गेलो होतो. तिथले पॅटर्नमेकर मिस्त्री वयाने साठीचे, शिक्षण सातवी. मी रडगाणं गायलं. त्यांनी बिडी विझवली आणि मला मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचा साचा भरायच्या पेट्यांकडं नेलं.

"सायेब, ही वरची पेटी खालच्या पेटीवर दरखेपेला तिथंच कशी बसती? आमी काय कॅमेरा लावून बगतोय व्हय?"

पेटीला दोन बाजूंना पिना होत्या, समोरच्या पेटीला भोकं. एक भोक गोल, दुसरं लांबट.

"दोन्ही गोल केलीसा तर अडकनार. पेटी तापती, फुगती. गोल भोक जागा धरतंय, लांबट भोक फिरू देत न्हाई. मदी जरा ढिलं सोडायचं, बगा की."

हेच तत्त्व मोजमापाच्या प्रयोगशाळांत मोठ्या नावाने शिकवतात. मी ते शिकलोही होतो, परीक्षेपुरतं. आमच्या रोबोला दोन निमुळत्या पिना लावायच्या, ब्रेसवर एक बैठक बसवायची, त्यात एक गोल आणि एक लांबट भोक, आणि मधल्या खिडकीतून स्प्रिंगवरची प्रोब पोलादाला टेकेल. पिना निमुळत्या असल्यामुळे रोबो दोन-तीन सेंटिमीटर चुकला तरी घसरत जागेवर येतो.

बैठक कशाची करायची यावर मिस्त्रींचं आणि माझं जमलं नाही. ते म्हणाले, गनमेटल. समुद्राच्या व्हॉल्व्हला तेच लागतं, मी एक दिवसात ओतून देतो. व्हॉल्व्हला ते खरंच उत्तम. पण गनमेटल पोलादाला चिकटवून खाऱ्या पाण्यात ठेवलं की त्या जोडीत झिजायची पाळी पोलादाची येते, आणि इथं तर शेजारच्या अॅल्युमिनियमच्या लाद्या फुकटच्या कामाला लागल्या असत्या. बैठक अॅसिटलचीच केली, बोल्टने पाइपभोवती आवळायचा क्लॅम्प, आतून निओप्रीन रबराचं अस्तर. मिस्त्रींना प्लास्टिकचं वाईट वाटलं. "ओतकाम न्हाई म्हंजे आमचं काय काम," म्हणाले. पॅटर्न मात्र त्यांनीच लाकडात करून दिला, त्यावरून आम्ही मापं घेतली.

कंत्राटदाराला आणखी एक शंका होती. क्लॅम्प कशाला, छोटं ब्रॅकेट वेल्डच करून टाकू, कायमचं काम. इथं मी ठाम नकार दिला, आणि कारण म्हणून अलेक्झांडर किएलँडची गोष्ट सांगितली. उत्तर समुद्रात, २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी हा तरंगता राहण्याचा प्लॅटफॉर्म उलटला. २१२ माणसं होती, १२३ गेली. चौकशीत तडा सापडला एका ब्रेसवर, आणि तो सुरू झाला होता पाण्याखालचा आवाज ऐकणारं उपकरण बसवण्यासाठी वेल्ड केलेल्या एका छोट्या आधारापाशी. ते वेल्ड कुणी सांगाड्याच्या ताकदीचं समजलंच नव्हतं, उपकरणाची खुंटी म्हणून करून टाकलं होतं. सेन्सर बसवणाऱ्यांनी ही गोष्ट टेबलासमोर चिकटवून ठेवावी असं मला वाटतं. फोन थोडा वेळ शांत होता. मग क्लॅम्प मान्य झाला.

क्लॅम्प रोबो बसवू शकत नाही. ते पाणबुड्यांचंच काम. ठरलेल्या तपासणीच्या फेरीत त्यांनी चार बैठका बसवल्या. त्या एका दिवसाचा खर्च आमच्या सगळ्या पेट्या आणि रोबो मिळून झालेल्या खर्चाच्या वर गेला. हिशेबाच्या वहीत तो 'एकदाच' या रकान्यात लिहिला आहे.

कंपाचं काय

याबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. कंत्राटदाराच्या माहितीपत्रकात 'कंपावरून तडे ओळखणारी यंत्रणा' असं आधीच छापून आलं होतं. मी ते काढायला लावलं.

चिप वाईट आहे म्हणून नाही. दोनशे रुपयांच्या चिपची स्वतःची कुरकुर एका हर्ट्झच्या पट्ट्यात ०.४ मिली-जी (गुरुत्वाकर्षणाचा हजारावा भाग म्हणजे एक मिली-जी) इतकी. सांगाडा अर्ध्या हर्ट्झने पाच मिलिमीटर हलला तर पाच मिली-जी मिळतात, छान दिसतं. अर्धा मिलिमीटर हलला तर खरा कंप आणि चिपची कुरकुर एकाच उंचीवर. तासभर नोंद घेऊन सरासरी काढली तर वारंवारिता, म्हणजे सांगाडा सेकंदाला किती वेळा डोलतो ते, सापडते. पण सापडून करायचं काय? एक ब्रेस तुटला तरी सगळ्या सांगाड्याची वारंवारिता बहुतेक वेळा किंचितच बदलते. शिंपल्यांचा थर वाढला, डेकवर सामान चढलं-उतरलं, तरी तेवढीच बदलते. तेल कंपन्यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत यावर बराच पैसा घालवून हात टेकले होते. पवनचक्कीच्या एकाच जाड खांबाची गोष्ट वेगळी, तिथं पायथ्याची वाळू वाहून गेली की वारंवारिता खाली येते आणि ते दिसतं. आमच्या जॅकेटवर पेट्या आहेत, नोंदी घेतात, मोठ्या वादळानंतर बघायला बऱ्या आहेत. त्यापलीकडं मी काही कबूल केलेलं नाही. कंत्राटदाराचा माणूस नाराज झाला. एआयचा उल्लेख तरी राहू द्या म्हणाला.

बैठकांनंतर

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात पहिली फेरी झाली. एका बैठकीवर रोबो तीनदा बसवून, काढून, पुन्हा बसवून मोजलं. तिन्ही वेळा फरक ०.१ मिलिमीटरच्या आत. पुढच्या फेरीला डिसेंबर उजाडला. एक, दोन आणि चार नंबरच्या बैठकांवर आकडे त्याच ०.१ च्या आत. या तीन ठिकाणी दोन महिन्यांत मोजण्याजोगी झीज नाही, असं आम्ही पहिल्यांदा छातीठोकपणे लिहू शकलो. विभव सगळीकडं उणे ०.९ च्या पलीकडं. लाद्या काम करतायत. बोटीचा यासाठी गेलेला वेळ एका दुपारचा.

तीन नंबरवर ०.७ चा फरक आला. यावेळी कुणी फोन करून ओरडलं नाही. सरळ व्हिडिओ लावला. बैठक ब्रेसवर काही अंशांनी फिरली होती. क्लॅम्प घट्ट करताना निओप्रीन दाबलं जातं, नंतर ते हळूहळू बसतं, बोल्टचा ताण उतरतो, आणि लाट रोज दहा हजारांहून जास्त वेळा ढकलते. पिना आणि भोकं चोख होती, ती ज्यावर बसली तेच सरकलं.

मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "खालची पेटी जमिनीत पुरली न्हवती व्हय?"

तीन नंबरचे दोन्ही आकडे वहीत लाल पेनाने खोडले आहेत. आता पातळ, कडक रबर आणि बोल्टखाली स्प्रिंग वॉशरची नवी जोडी शेडमागच्या मिठाच्या टाकीत टांगून ठेवली आहे. दर सोमवारी टॉर्क, म्हणजे बोल्टचा घट्टपणा मोजतो. पाणबुडे पुन्हा उतरतील तेव्हा चारही क्लॅम्पच्या कडेवरून ब्रेसवर पिवळ्या इपॉक्सीची एक सरळ रेघ ओढायला सांगितली आहे. रोबो उतरला की आधी ती रेघ बघेल, मग बसेल.